बिनकुलुपाचा तुरुंग

तुरुंग म्हटला कीं चित्रपट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उंच भिंत, लोखंडी गज आणि किल्ल्यांचा जुडगा उभा राहतो. हें चित्र आपल्या मनावर बिंबविलें तें मुख्यतः अमेरिकेंतील कृष्णधवल बोलपटांनीं. त्या देशांत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. चोरट्या दारूवर टोळ्या गबर झाल्या आणि त्याच टोळीवाल्यांच्या कथा पडद्यावर आल्या. ‘लिटल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ हे १९३१ चे, तर ‘स्कारफेस’ १९३२ चा. ‘द बिग हाऊस’ या १९३० च्या बोलपटानें प्रत्यक्ष तुरुंगाचें अंतरंग दाखविलें. १९३२ च्या ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ यांत तर साखळदंडांत जखडून कैद्यांकडून काम घेण्याच्या पद्धतीवर कोरडे ओढले आहेत. त्यांतील नायक पळून जातो, नांवलौकिक मिळवितो. पुढें माफीच्या वचनावर विसंबून तुरुंगांत परततो, आणि सरकार तें वचन मोडतें. तो पुन्हा पळतो, पण आतां खरोखरीचा चोर होऊन.

या बहुतेक तुरुंगपटांचा प्रश्न एकच असतो : कैदी सुटणार कसा? याच्या अगदीं उलट प्रश्न आपल्या कोल्हापूरच्या एका सुपुत्रानें विचारला : दार उघडें असतां कैदी पळत कां नाहीं?

शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, यांचा जन्म १९०१ सालीं कोल्हापुरांत झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत त्यांनीं धडे गिरविले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटांत सावकारानें जमीन गिळलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांचीच होती. १९२९ सालीं चार भागीदारांसह त्यांनीं याच नगरींत प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्यें पुण्यास गेली. पुढें ‘राजकमल’चे धनी झाल्यावर १९५७ सालीं त्यांनीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला. आदिनाथ नांवाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना आपल्या जबाबदारीवर बाहेर काढतो, ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्या हातून तेथें मळा फुलवितो, अशी ही कथा. आदिनाथ स्वतः शांताराम झाले होते, आणि वरिष्ठ तुरुंगाधिकारी आपल्या कोल्हापूरचेच बाबूराव पेंढारकर. या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवांत त्याचा गौरव झाला. बैलाशीं झुंज रंगवितांना शांतारामांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली, ही हकीकतहि प्रसिद्ध आहे.

परंतु ही कथा निव्वळ कल्पनेंतून उपजलेली नव्हती. तिचे लेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडीच्या माणदेशचे, आणि आटपाडी तेव्हां औंध संस्थानांत होती. अवघ्या ७२ गांवांचें हें संस्थान. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविली. या कामीं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे इंजिनियर पुढें होते. याच फ्रीडमन यांच्या प्रेरणेनें आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसलें. ना तट, ना बेड्या. जन्मठेपेच्या कैद्यांनीं शेती करावी आणि बायकामुलांसह राहावें, अशी ती वसाहत. ज्या राजानें प्रजेवर विश्वास टाकला, त्याच्याच राज्यांत कैद्यावर विश्वास टाकण्याचें धैर्य निपजलें, हा योगायोग नव्हे.

येथें मात्र चित्रपट आणि इतिहास यांच्या वाटा किंचित् फुटतात, आणि तोच भेद मला आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. चित्रपटांतील कैदी पळूं पाहतात तेव्हां आदिनाथाचे दोन डोळे त्यांचा पाठलाग करतात, आणि ते माघारी फिरतात. आदिनाथाच्या मृत्यूनंतरहि ते डोळे आकाशांतून पाहत राहतात. पडद्यावर हें दृश्य फार प्रभावी वाटतें. परंतु विचार केला तर पहारा उठला असें म्हणवत नाहीं; तो भिंतीवरून कैद्याच्या मनांत गेला, इतकेंच. स्वतंत्रपूरचें बळ निराळें होतें. तेथें कैद्यास राखणदार मिळाला नव्हता, तर संसार मिळाला होता. सायंकाळीं चूल पेटलेली आहे, मूल अंगणांत खेळत आहे, स्वतः पेरलेलें शेत पोटरीस आलें आहे. असा मनुष्य पळून जाईल कोठें? आणि कशासाठीं? ‘सावकारी पाशां’तील शेतकऱ्याचें जें हरपलें होतें, तेंच येथें अपराध्याला परत दिलें जात होतें.

छडीच्या धाकानें वर्ग शांत राहतो. छडी बाजूस ठेवल्यावर तो कसा राहतो, ही खरी परीक्षा, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतें. परंतु शिक्षकाच्या डोळ्यांच्या धाकानें शांत राहिलेला वर्गहि अद्याप त्या परीक्षेंत पूर्ण उतरलेला नसतो. आपलेंच कांहीं काम हातीं असल्यामुळें जो वर्ग रमला, तोच उत्तीर्ण.

शांतारामांची थोरवी यामुळें उणी होत नाहीं. त्यांनीं ही गोष्ट जगापुढें नेली नसती, तर माणदेशच्या त्या माळाची वार्ता किती जणांच्या कानीं गेली असती? तथापि चित्रपटास एक नायक लागतो, आणि नायकाच्या तेजांत सहा कैद्यांच्या बायकामुलांस जागा उरत नाहीं. ती जागा इतिहासानें त्यांना दिली पाहिजे.

औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. आटपाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. राजा गेला, फ्रीडमन गेले, चित्रपटांतील नटहि गेले. स्वतंत्रपूरची खुली वसाहत मात्र सरकारच्या तुरुंग खात्यानें आजहि चालविली आहे, आणि निवडक कैदी तेथें कुटुंबासह नांदतात. कोल्हापुराहून ती फार दूर नाहीं. तुरुंगांतून पळून जाणाऱ्यांचे चित्रपट आपण पुष्कळ पाहिले. न पळणाऱ्यांचें हें गांवहि आपल्या मुलांना एकदां नकाशावर दाखवावें, एवढीच विनंति.