विधी आयोग आणि १८६९चा घटस्फोट कायदा

भारतातील ख्रिस्ती स्त्रीने १३२ वर्षे एका विषम कलमाचा भार वाहिला. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या दहाव्या कलमानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र, सामान्यतः, पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही शाबीत करावा लागे. नुसत्या मारहाणीवरून तिला फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम केल्याविना अंतिम होत नसे. गरीब घरच्या बाईने ही प्रतीक्षा कशाच्या बळावर करावी? ज्या इंग्लंडकडून हा भेदभाव आपल्याकडे आला, त्या इंग्लंडने तो १९२३ साली काढून टाकला होता.

स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग १९५५ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. या आयोगामागे संसदेचा कायदा नसतो. सरकारी आदेशाने तो ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो आणि त्याच्या शिफारशी कोणावरही बंधनकारक नसतात. आयोगाने १९६०च्या पंधराव्या अहवालात ख्रिस्ती विवाह व घटस्फोटाच्या कायद्याचा विचार केला आणि १९६१च्या बाविसाव्या अहवालात विधेयकाची छाननी केली. १९६२ साली विधेयक संसदेत आले, पण संमत न होताच ते व्यपगत झाले. १९८३च्या नव्वदाव्या अहवालाने पुन्हा तेच दुखणे मांडले. तरीही काही हालले नाही.

समाजाचे एकमत नाही, ही सरकारची ठरलेली सबब. ती अगदीच पोकळ होती असे म्हणवत नाही. विवाहसंस्काराचे बंधन अविच्छेद्य आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण असल्याने घटस्फोट सुलभ होण्याला आपल्यातील अनेकांचा विरोध होता. तथापि पतीला एक माप आणि पत्नीला दुसरे, अशा कायद्याने संस्काराचे पावित्र्य कसे राखले जाते, हे मला कधीच उमगले नाही. दार बंदच ठेवायचे, तर ते दोघांनाही बंद हवे होते.

अखेर न्यायालये पुढे सरसावली. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली व मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. १९९८च्या १६४व्या अहवालात आयोगाने दहावे कलम बदलण्याची शिफारस पुन्हा केली. मग आयोगाची आधीची खटपट व्यर्थ गेली काय? मला तसे वाटत नाही. न्यायालय कलमातील सदोष शब्द छाटू शकते; संपूर्ण कायद्याची नवी मांडणी करणे हे त्याचे काम नव्हे. ते काम आयोगाने चार दशके जागते ठेवले. मात्र त्या चार दशकांत ज्या भगिनी निमूटपणे सोसत राहिल्या, त्यांची नोंद कोणत्याच अहवालात नाही.

संसदेची दुरुस्ती ३ ऑक्टोबर २००१पासून अमलात आली. पतिपत्नींना समान कारणे मिळाली, उच्च न्यायालयाच्या पुष्टीची अट गेली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. त्यासाठी हिंदू विवाह कायद्यात एक वर्ष विभक्त राहणे पुरेसे असताना ख्रिस्ती दाम्पत्याला दोन वर्षांची अट घातली गेली. ती केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली एका वर्षावर आणली.