मरणांची मोजदाद

मोहरमच्या दिवसांत हिंदु आणि मुसलमान मिळून जेथें गगनचुंबी ताबूत उभारतात, त्या कडेगांवचें नांव महाराष्ट्रांत पुष्कळांनीं ऐकलें असेल. आज हें गांव सांगली जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठाणें आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं त्याचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. जिल्हे बदलले, कचेऱ्या हलल्या; परंतु ह्या भागांतील गांवोगांवीं एक बुक सतत चालत राहिलें. तें म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीचें.

मुंबई इलाख्यांत हें बुक गांवकामगाराच्या ताब्यांत असे. घरांत कोणी दगावलें कीं घरच्यांनीं वर्दी द्यावयाची व त्यानें मरणाचें कारण ठरीव रकान्यांत भरावयाचें. पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि उरलेलें सर्व ‘इतर कारणें’. लिहिणारा कांहीं वैद्य नव्हता. त्यामुळें ‘ताप’ ह्या एका शब्दाच्या पोटांत हिंवतापापासून न्यूमोनियापर्यंत किती तरी रोग गडप होत. मग बेरजा तालुक्यास, तेथून जिल्ह्यास आणि शेवटीं इलाख्याच्या आरोग्यखात्याकडे जात व वार्षिक अहवालांत छापून निघत. ज्या घरांतून तो आंकडा निघाला, त्या घरापर्यंत तो अहवाल पोंचण्याची कांहींच सोय नव्हती.

ह्या मोजदादीची खरी कसोटी प्लेगनें लावली. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं पहिले रोगी ओळखले आणि पुढच्या वर्षांत सातारा जिल्ह्यावरहि ती आपत्ति कोसळली. घरझडती, सक्तीचें विलगीकरण, सामानाची जाळपोळ यांच्या धास्तीनें लोक प्रेत लपवीत, किंवा दुखणें दुसरेंच सांगत. मुंबईंतील आंकडेशास्त्रज्ञांनीं त्यावर एक साधी युक्ति योजिली. प्लेगचे म्हणून नोंदलेले मृत्यु बाजूस ठेवून त्यांनीं आठवड्याचे एकूण मृत्यु घेतले व ते मागील वर्षांच्या सरासरीशीं ताडून पाहिले. जादा भरलेले मृत्यु नोंदलेल्या प्लेगमृत्यूंहून कितीतरी अधिक निघाले. कारण लपवितां येत होतें, मरण लपविणें तितकें सोपें नव्हतें.

पण साथ ओळखणें वेगळें आणि माणूस वांचविणें वेगळें. कडेगांवच्या टापूंतच देवराष्ट्रें हें गांव आहे. तेथें १९१३ सालीं यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला, आणि अगदीं लहानपणींच प्लेगनें त्यांचें पितृछत्र हिरावलें. असे बाप त्या काळीं घरोघरचे गेले. प्रत्येकाचा बुकांत एक आंकडा झाला.

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझानें तर बुकच कोलमडलें. नोंद करणारे स्वतःच अंथरुणास खिळले, कित्येक मेले, आणि बरींच पानें कोरीं राहिलीं. हिंदुस्थानांत त्या साथीनें किती माणसें गेलीं याचा आरंभींचा सरकारी अंदाज साठ-सत्तर लक्षांच्या घरांतला होता. पुढील अभ्यासकांनीं तो एक कोटीच्या पुढें, कोणी दोन कोटींपर्यंत नेला. सर्वांत अधिक मरणें जेव्हां होतात, नेमकी तेव्हांच मोजणी सर्वांत लंगडी पडते.

आंकड्यांनीं प्राण वांचतात हें युरोपांत पूर्वींच दिसून आलें होतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं क्रिमियाच्या युद्धांतील सैनिकांचे मृत्यु १८५८ मध्यें रंगीत आकृतींत मांडले. गोळीनें मेलेल्यांपेक्षां घाणीच्या रोगांनीं मेलेले किती तरी अधिक, हें मंत्र्यांस एका दृष्टिक्षेपांत कळलें. परंतु ती आकृति ज्यांच्या पुढें ठेवली, त्यांच्याच हातांत बराकी सुधारण्याची सत्ता होती. साताऱ्यांतल्या गांवकामगाराच्या बुकास असा वाचक कोठें होता?

स्वातंत्र्यानंतर यंत्रणा वाढली. यशवंतराव मुख्यमंत्री असतांना १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व प्राथमिक आरोग्य केंद्रें त्यांच्याकडे आलीं. जन्ममृत्यु-नोंदणीचा नवा कायदा १९६९ सालीं झाला. तरी जुना दोष राहिलाच. २००१ सालीं महाराष्ट्रांतील १३ संस्थांनीं मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. बालमृत्यूंचा फार मोठा भाग सरकारी बुकांत उतरतच नाहीं, असें त्यांत दिसून आलें. ज्याच्या हद्दींत मूल मेलें त्याच्याकडेच जाब मागितला, तर तो मनुष्य लेखणी आवरती घेणार, हें उघड आहे.

ह्या गुंत्याची उकल कृष्णाकांठापासून फार दूर, राज्याच्या पूर्व टोंकास गडचिरोलींत झाली. १९८६ सालीं डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनीं तेथें ‘सर्च’ ही संस्था उभारली. आरंभ औषधांनीं नव्हे, मोजणीनें केला. १९८८ मध्यें दर हजार जन्मलेल्या मुलांत १२१ मुलें वर्षाच्या आंत दगावत असल्याचें आढळलें. त्यांत न्यूमोनिया अग्रभागीं होता. श्वास मोजून तो ओळखतां येतो. दोन महिन्यांवरील तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटास पन्नास किंवा अधिक झाला कीं धोका. पण गांवच्या सुइणीस पन्नासपर्यंत मोजतां येत नसे. म्हणून वाळूचें एक मिनिटाचें घड्याळ व मणी असलेलें एक लहानसें साधन करण्यांत आलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून तेथल्या तेथें औषध सुरू करावयाचें.

हल्लीं आरोग्यखात्यांत ज्यास ‘डॅशबोर्ड’ म्हणतात, त्याचा याहून सुटसुटीत नमुना सांपडणें कठीण. मोजणारी, वाचणारी आणि उपाय करणारी एकच बाई, आणि तिघींच्या मध्यें क्षणाचेंहि अंतर नाहीं.

पुढें नवजात बालकांची पाळी आली. १९९३ ते १९९५ हीं दोन वर्षें ३९ खेड्यांत नुसती मोजणी झाली. तुलनेसाठीं आणखी ४७ खेडीं ठेवलीं होतीं. त्यानंतर त्या ३९ गांवांतीलच शिकविलेल्या स्त्रिया घरोघर जाऊं लागल्या, बाळाचें वजन घेऊं लागल्या, त्यास ऊब देऊं लागल्या, जंतुसंसर्गावर औषध देऊं लागल्या. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर आलें. १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकानें तो वृत्तांत प्रसिद्ध केला.

दरम्यान दिल्लीचीहि मोजणी सुधारली. २००८ पासून जिल्ह्यांचे आरोग्याचे आंकडे संगणकावर जमूं लागले. २०१८ सालीं देशांतील मागासलेल्या जिल्ह्यांची महिन्यागणिक क्रमवारी लावणारा फलक निघाला. महाराष्ट्रांतून त्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व उस्मानाबाद हे चार जिल्हे घेण्यांत आले. अशा फलकांची टर उडविण्याचें कारण नाहीं. पूर्वीं वर्षानें कळणारी गोष्ट महिन्यांत कळणें हा मोठाच लाभ आहे. मात्र फलकावर तांबडा रंग दिसतांच जिल्ह्याची खरडपट्टी निघूं लागली, तर तोच तांबडा रंग पुढल्या महिन्यांत कागदावरच हिरवा होण्याचा संभव असतो. प्लेगच्या दिवसांत प्रेतें लपविणारीं कुटुंबें काय वेगळें करीत होतीं?

गडचिरोलीची रीत २०११ सालीं देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या हवालीं झाली. त्यांत कडेगांव तालुक्यांतील खेडींहि आलीं. बाळ घरीं जन्मलें तर पहिल्या दिवशीं, आणि कोठेंहि जन्मलें तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं तिनें त्याच्या घरीं जावें, असा नियम आहे. तक्ता ती पुढें पाठविते. पण त्यापूर्वीं तिला बाळाचें वजन करावयाचें असतें.