परार्धाच्या पलीकडे

मुलांना मोठ्या संख्यांचे विलक्षण वेड असते. इकाई, दहाई, सैकडा करीत आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात अरब, खरब, नील, पदम आणि संख येथवर गाडी आली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ''मॅडम, संख के आगे क्या रहता?'' संख म्हणजे एकावर सतरा शून्ये. जुन्या मराठी मोजणीत याच जागेला परार्ध म्हणतात. मधली नावे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. मराठीतला खर्व दहा शून्यांचा, आमचा खरब अकरा शून्यांचा. वाटा वेगळ्या, पण दोघेही थांबतात एकाच मुक्कामावर.

हा मुक्काम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही आहे. एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे त्यांनी दिली आहेत. त्यांचा जन्म १११४ चा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' ज्याचे भाग मानले जातात तो 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. १२०७ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात असला, तरी शेवटी काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत.

भास्कराचार्यांच्या आधी, १०३० च्या सुमारास, अल-बीरुनीने 'किताब-उल-हिंद'मध्ये हीच अठरा नावे अरबीत नोंदवली होती. काही लोक परार्धापुढे 'भूरि' नावाचे आणखी एक स्थान मानतात आणि तेथे मोजणी संपते असे म्हणतात, हेही तो सांगतो. लगेच पुढे म्हणतो की मोजणीला खरे तर सीमाच नाही; शेवटचे स्थान हा केवळ माणसांनी ठरवलेला संकेत. याच बीरुनीने बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांचा प्रसिद्ध हिशेब केला होता. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट करीत गेल्यास एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे जवळजवळ १८४ परार्ध. गव्हाच्या एका दाण्याचे वजन ४० मिलिग्रॅम धरले आणि जगात वर्षाला ८० कोटी टन गहू पिकतो असे मानले, तर एवढा गहू पिकवायला नऊशेच्या वर वर्षे लागतील. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्ग चिडीचूप होतो.

पण हे दाणे कितीही झाले तरी मोजता येतात. भास्कराचार्य 'बीजगणिता'त याच्या पुढे जातात. 'ख' म्हणजे आकाश, आणि ख म्हणजे शून्यही. (आमचा 'सिफर'ही मुळात रिकामेपणच.) ज्या राशीचा हर ख आहे ती 'खहर'. या राशीत कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती तशीच राहते. सृष्टीच्या उत्पत्तीच्या आणि प्रलयाच्या वेळी असंख्य जीव अनंत अच्युतातून बाहेर येतात किंवा त्यात विलीन होतात, तरी त्याच्यात बदल होत नाही, हा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. एखादी राशी शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागली तर ती मूळचीच राहते, असेही ते मानतात. आजचे गणित हे मान्य करीत नाही. तेव्हा भास्कराचार्यांना सारे काही आधीच कळले होते, असे छाती फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण अनंतात भर घातली तरी अनंतच उरते, ही ओळख पक्की आहे.

त्याच सुमारास इस्लामी जगतही या प्रश्नाशी झगडत होते. भास्कराचार्यांच्या जन्माआधी तीन वर्षे वारलेल्या इमाम गझालींनी 'तहाफुत-उल-फलासिफा'त तत्त्वज्ञांना कोंडीत पकडले. सूर्याची फेरी वर्षात पुरी होते, शनीची तीस वर्षांत. दोघे अनादी काळापासून फिरत असतील, तर दोघांच्याही फेऱ्या अनंत. मग एकाच्या दुसऱ्याच्या तीसपट कशा? आणि ती संख्या सम की विषम? गझालींना ही विसंगती वाटली. एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठे असू शकते, हे जर्मनीत जॉर्ज कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केले. आणि सम संख्या व सर्व संख्या मात्र 'तेवढ्याच' ठरल्या.

खहराचा उत्तम खुलासा करणारा माणूस आमच्या विदर्भातला, याचा मला विशेष आनंद आहे. कृष्ण दैवज्ञाचे घराणे पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पुढे ते काशीला गेले. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजपल्लव' या टीकेत तो सांगतो की भाजक जसजसा लहान करावा तसतसा भागाकार वाढत जातो. भाजक शून्य झाला की तो इतका मोठा होतो की 'एवढा' असे म्हणताच येत नाही, कारण तसे म्हटले तर त्याहून मोठाही निघेल. मुलांसाठी यापेक्षा सोपी वाट मला सापडलेली नाही. एकाला दशांशाने भागा, दहा. शतांशाने भागा, शंभर. सहस्रांशाने भागा, हजार. करीत राहा. या कृष्णाला जहांगीर बादशहाचा आश्रय होता आणि जातकावरील आपल्या ग्रंथात त्याने उदाहरणासाठी खानखाना अब्दुर्रहीमची कुंडली घेतली.

आपल्याकडे दोन्ही बाजूंनी एक सोयीचा समज पसरलेला आहे. भास्कराचार्यांचे गणित 'त्यांचे', आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्यातले काही म्हणतात. मध्ययुगात मुसलमानांनी येथे केवळ मोडतोड केली, असे दुसरे काही म्हणतात. दोघांनीही फारसी ग्रंथांकडे पाहिलेले नसते. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. घटिकापात्रात मोती पडला, विवाहाचा मुहूर्त टळला आणि दुःखी लेकीसाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट फैजीच्या प्रस्तावनेतून आलेली आहे. ती सांगताना फैजीचे नाव क्वचितच घेतले जाते.

'बीजगणिता'चा फारसी अनुवाद १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रशीदीने केला आणि तो शाहजहानला अर्पण केला. ताजमहालाचे स्थापत्य ज्यांच्या नावे सांगितले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा हा मुलगा. एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये 'बीजगणित' इंग्रजीत नेले ते याच फारसीवरून. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा खहर इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला तो अताउल्लाहच्या भाषेतून.

पुढे, १६६० च्या सुमारास, हाच अताउल्लाह औरंगाबादला दिलरस बानू बेगमचा मकबरा बांधत होता. तेथून पाटण फार दूर नाही. बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर दोन नावे कोरलेली आहेत: वास्तुविशारद अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय.