सुरी (स्वयंपाकघर)

सुरी हे भाज्या, फळे, कंद, पाव, मांस इत्यादी खाद्यपदार्थ कापण्यासाठी, चिरण्यासाठी व सोलण्यासाठी वापरले जाणारे, एका कडेस धार असलेले हातसाधन होय. बोलीभाषेत तिला चाकू असेही म्हणतात. रोजच्या घरगुती स्वयंपाकात सुमारे ८ ते १५ सेंटिमीटर लांबीच्या पात्याची लहान सुरी सर्वाधिक उपयोगी पडते. अशा सुरीची उपयुक्तता किमतीपेक्षा पात्याची जाडी, पोलादाचा प्रकार, मुठीची पकड आणि वेळोवेळी लावलेली धार यांवर अधिक अवलंबून असते. धार राखलेली स्वस्त सुरी ही बोथट झालेल्या महाग सुरीपेक्षा अधिक कार्यक्षम व अधिक सुरक्षित असते.

नाव व व्युत्पत्ती

'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिका' या शब्दापासून आला आहे. 'क्षुर' म्हणजे वस्तरा. हिंदीतील 'छुरी' हा शब्दही याच कुळातील आहे. मोठ्या पात्याच्या सुरीस 'सुरा' म्हणतात. 'चाकू' हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला असून तो मिटता येणाऱ्या पात्याच्या हत्यारासाठीही वापरला जातो. मांस तोडण्याच्या रुंद व जड पात्याच्या हत्यारास 'सत्तूर' म्हणतात. सुरी सोन्याची झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही, या आशयाची म्हण मराठीत रूढ आहे.

विळी आणि सुरी

महाराष्ट्रात भाजी चिरण्याचे पारंपरिक साधन विळी हे आहे. लाकडी पाटावर उभे बसवलेले बाकदार पाते आणि त्याच्या टोकाशी नारळ खवण्याची खवणी, अशी तिची रचना असते. गोव्यात तिला 'आदोळी' म्हणतात. बंगालमध्ये 'बोटी' हे तिचेच भावंड आहे. विळी जमिनीवर ठेवून पाट पायाने दाबून धरला जातो. त्यामुळे दोन्ही हात पदार्थ धरण्यास मोकळे राहतात.

जमिनीवरील चुलीची जागा उभ्या ओट्याने घेतल्यावर सुरीचा वापर वाढला. दोन्ही साधनांत कापण्याची रीत परस्परांच्या उलट आहे. विळीवर पाते स्थिर असते व पदार्थ हलतो. सुरीने कापताना पदार्थ स्थिर असतो व पाते हलते. पदार्थ स्थिर राहावा म्हणून सुरीस खाली फळीची आवश्यकता असते. अनेक घरांत फळी न घेता पदार्थ हातात धरून अंगठ्याच्या दिशेने कापण्याची सवय आढळते. या रीतीत पाते निसटल्यास इजा होण्याचा संभव असतो आणि लांब पात्याच्या सुरीने तो वाढतो.

रचना

सुरीचे पाते व मूठ असे दोन मुख्य भाग असतात. पात्याच्या कापणाऱ्या कडेस धार, तिच्या विरुद्ध जाड कडेस पाठ आणि अग्रास टोक म्हणतात. पात्याचा काही भाग मुठीच्या आत गेलेला असतो. तो मुठीच्या शेवटापर्यंत असल्यास जोड अधिक बळकट होतो. मात्र हलक्या कामाच्या लहान सुरीस तो अर्धा असला तरी पुरतो.

पाते दोन प्रकारे तयार करतात. पहिल्या प्रकारात पोलादाच्या पत्र्यातून पाते कापून काढतात; दुसऱ्यात तापवलेले पोलाद ठोकून घडवतात. पत्र्यातून कापलेली पाती पातळ, हलकी व स्वस्त असतात. मोठ्या सुरीत घडवलेल्या पात्याचे वजन कामास येते. लहान सुरीत मात्र पातळपणा हाच गुण ठरतो. जाड पाते गाजर किंवा बटाटा कापण्याऐवजी पाचरीप्रमाणे फोडते.

पोलाद

साधे कर्बयुक्त पोलाद लवकर धार घेते, परंतु गंजते. चिंच, कोकम, लिंबू यांच्या आम्लाने ते काळवंडते. कच्चे केळे किंवा वांगे कापताना फोडींनाही काळसर छटा येते. सुमारे १०.५ टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलेल्या पोलादास स्टेनलेस स्टील म्हणतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये, बंदुकीच्या नळीसाठी झीज न होणाऱ्या पोलादाचा शोध घेत असताना असे पोलाद तयार केले. शेफील्ड हे सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांचे जुने केंद्र असल्यामुळे त्याचा उपयोग सुऱ्यांसाठी होऊ लागला. जर्मनीतील झोलिंगन हे शहरही याच व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे.

स्टेनलेस स्टील मुळीच गंजत नाही, हा समज चुकीचा आहे. मिठाचे पाणी पात्यावर बराच वेळ राहिल्यास त्यावरही बारीक खड्डे पडतात.

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापनपट्टीवर मोजतात. सर्वसाधारण घरगुती सुऱ्यांत तो ५२ ते ५८ च्या दरम्यान, तर अनेक जपानी सुऱ्यांत ६० च्या वर असतो. अधिक कठीण पात्याची धार जास्त काळ टिकते, परंतु ते ठिसूळ असते व त्यास धार लावणे अवघड जाते. म्हणून रोजच्या वापरास मध्यम कठीणपणाचे पाते सोयीचे ठरते. झिर्कोनियापासून बनवलेल्या सिरॅमिक सुऱ्या गंजत नाहीत. मात्र पडल्यास किंवा मुरगळल्यास त्यांचे पाते तुटू शकते.

लहान सुरीचे प्रकार

सोलण्याची सुरी: पाते साधारण ६ ते १० सेंटिमीटर. साल काढणे, देठ कापणे, भरल्या वांग्यांना चिरा देणे, बटाट्याचे कोंब कोरणे यांसाठी.

मध्यम सुरी: पाते साधारण १० ते १५ सेंटिमीटर. कांदा, काकडी, फळे व पालेभाज्या फळीवर चिरण्यासाठी.

दातेरी सुरी: धारेवर बारीक दाते असतात. टोमॅटोची गुळगुळीत साल व पावाचा कडक पापुद्रा ती न दाबता कापते. तिची धार दीर्घकाळ टिकते, परंतु घरी पुन्हा लावणे कठीण असते.

लाल भोपळा, सुरण, कच्चा फणस किंवा हाडे असलेले मांस यांसाठी लहान सुरी वापरू नये. पाते अडकल्यावर जोर लावावा लागतो आणि बहुधा अशा वेळीच ते निसटते.

निवड

खरेदीच्या वेळी पुढील बाबी पाहणे उपयुक्त असते :

१. पाते डोळ्यांसमोर आडवे धरून धार सरळ रेषेत आहे का, हे पाहावे.
२. पात्याची पाठ पातळ असावी व ते धारेकडे सलग निमुळते होत जावे.
३. पाते व मूठ यांच्या जोडात फट नसावी. फटीत अन्नकण व ओल साठून अस्वच्छता व गंज निर्माण होतो.
४. मूठ ओल्या हातातही घसरू नये. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवल्यास तडकते. प्लास्टिकची मूठ स्वच्छ करण्यास सोपी असते.
५. सुरी वापरणाऱ्याने स्वतः हातात धरून पाहावी. एकाच्या हाताला योग्य वाटणारी मूठ दुसऱ्यास आखूड किंवा जाड वाटू शकते.

सुऱ्यांचा मोठा संच घेण्यापेक्षा एक सोलण्याची व एक मध्यम सुरी, तसेच एक धारेचा दगड घेणे काटकसरीचे ठरते. मांसाहारी कुटुंबात कच्च्या मांसासाठी वेगळी सुरी व वेगळी फळी असणे आरोग्याच्या दृष्टीने हितावह आहे.

धार व निगा

धार लावताना पाते दगडाशी प्रत्येक बाजूस साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरतात. नेहमीच्या धारेसाठी १००० क्रमांकाचा दगड पुरतो. कडा तुटली असल्यास ४०० किंवा त्याहून कमी क्रमांकाचा भरड दगड वापरतात. पोलादी दांडीवर पाते घासल्याने वळलेली धार सरळ होते, परंतु पूर्ण बोथट झालेल्या पात्यास त्याने नवी धार येत नाही. शस्त्रांना व हत्यारांना धार लावण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात शिकलगार समाज परंपरेने करत आला आहे.

लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळीवर धार टिकते. काच, ग्रॅनाइटचा ओटा व स्टीलचे ताट यांवर ती लवकर जाते. फणसासारख्या चिकाच्या फळासाठी पात्याला आधी तेल लावतात. वापरानंतर सुरी लगेच धुऊन, पुसून, इतर भांड्यांपासून वेगळी ठेवावी.

सुरक्षितता

बोथट सुरीला अधिक दाब द्यावा लागतो. त्यामुळे पाते पदार्थावरून घसरून बोटास इजा होण्याची शक्यता वाढते. तसेच बोथट पात्याने कांद्याच्या पेशी अधिक चिरडल्या जाऊन डोळ्यांना झोंबणारे द्रव्य जास्त बाहेर पडते. कापताना पदार्थ धरलेल्या हाताची बोटे आत वळवून ठेवावीत. गोल पदार्थ आधी मधोमध कापून सपाट बाजू फळीवर टेकवावी. पडणारी सुरी झेलण्याचा प्रयत्न करू नये. फेसाच्या पाण्यात भांड्यांखाली सुरी बुडवून ठेवू नये. भांडी घासणाऱ्या व्यक्तीस ती दिसत नाही.

हेही पहा

विळी
सत्तूर
अडकित्ता
किसणी
स्टेनलेस स्टील