कुंभार्लीचा कडा: जमीन तुटली तिथली गोष्ट

आजच्या भागातला इतिहास राजांचा नाही, जमिनीचा आहे. आणि तो सुरू होतो चिपळूणच्या दारातच.

परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भूगर्भशास्त्र मात्र जवळजवळ उलटं सांगतं. आपल्या पश्चिमेला एकेकाळी जमीन होती. ती तुटून दूर गेली आणि मधल्या फटीत समुद्र शिरला.

पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते सतत सरकत असतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हाचे थरांवर थर वाहिले. त्यानंतर काही काळातच सेशेल्सचा तुकडाही वेगळा झाला. उरली ती भारताची तुटकी कड. पुढे पाऊस आणि नद्या ती कोरत गेल्या, कडा हळूहळू पूर्वेकडे सरकला. तोच आपला सह्याद्री.

म्हणजे बघा, हिमालय दोन भूपट्टांच्या टकरीतून उभा राहिला. सह्याद्री तसा नाही. तो पठाराचा काठ आहे. म्हणूनच कुंभार्ली घाट चढून गेलं की पलीकडे तेवढा उतार लागत नाही. तुटताना हा काठ उचललाही गेला आणि जमीन पूर्वेकडे कलली. त्यामुळे महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा, अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर असताना, सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनाही तिच्याच मागे जाते.

आता माणूस या गोष्टीत येतो. कोयनेचं पाणी अडवून बोगद्यातून कड्याखाली पोफळीला सोडलं, तर किती वीज मिळेल! धरण झालं, १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागला. पोफळीत वीज तयार झाली आणि पूर्वेला जाणारं पाणी वाशिष्ठीत उतरलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या तुटण्याने आपल्याला फुकट दिलेली ही उंची.

पण तिथे छोटे धक्केही जाणवू लागले. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असंच तेव्हा मानलं जायचं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली.

धरणामुळे भूकंप झाला, असं आपण सहज म्हणून टाकतो. ते अर्धंच खरं. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सरकतोय आणि उत्तरेला आशियावर रेटा देतोय. त्याचा ताण इथल्या जुन्या भेगांमध्येही साठतो. जलाशयाचा भार आणि खडकात मुरलेलं पाणी यांनी फक्त चाप ओढला, बंदूक आधीच भरलेली होती. त्यानंतर आजवर ५ किंवा त्याहून मोठे २० पेक्षा जास्त धक्के या पट्ट्यात नोंदले गेलेत. १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला आणि कोयना परिसर थेट वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला.

याचा आपल्याशी संबंध काय? तर आपली घरं. जांभ्याचा चिरा चांगला दगड आहे, पण नुसते चिरे रचून उभी केलेली भिंत आडवा हादरा सोसत नाही. जोत्याला, खिडकी-दारांच्या वर आणि छपराखाली सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा असला, तर चारही भिंती एकत्र राहतात. गवंड्याशी बोलताना हा पट्टा आवर्जून मागा. खर्च वाढतो, मान्य. पण कड्याने पाऊस दिला, उतार दिला, वीज दिली. आणि ज्या ताणावर हा सगळा प्रदेश उभा आहे, तो काही आपल्यासाठी थांबणार नाही.

भेटू पुढच्या भागात.