मुस्तफाची कुळकथा

कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा एक खेळ बाजारात आणला. सोलापूरच्या नवी पेठेत एखाद्या कापडदुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या चाळिशीतल्या माणसासमोर हे नाव घेतलं, तर त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. नुसतं 'मुस्तफा' म्हणा, लगेच विचारतो, "तुम्ही कुठल्या स्टेजपर्यंत जायचात?"

खेळ एकच. कंपनीनं दिलेलं नाव इथं कधी रुजलंच नाही. चार पात्रांतलं एक पात्र, तेही मूळ कथेचा नायक नसलेलं, अख्ख्या खेळाचं नाव होऊन बसलं. हे केवळ सोलापुरात झालं असंही नाही. भारतात आणि पाकिस्तानातही गावोगावच्या गेम पार्लरमध्ये पोरांनी या खेळाचं हेच बारसं केलं. जाहिरात नव्हती, इंटरनेट नव्हतं. तरी सगळीकडं एकच नाव कसं निघालं, हे शोधावंसं मला नेहमी वाटत आलंय.

मुस्तफाचं कूळ अमेरिकेतलं. मार्क शुल्ट्झ नावाच्या चित्रकारानं १९८६ मध्ये 'डेथ रॅटल' या चित्रकथांच्या अंकात एक कथा छापली आणि पुढच्याच वर्षी तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली, 'झेनोझोइक टेल्स'. काळ सव्विसाव्या शतकातला. पृथ्वीवर महाउत्पात झालाय, माणसं शेकडो वर्षं जमिनीखाली लपून राहिलीत, आणि वर येऊन बघतात तर डायनोसॉर परत आलेले. या जगात जॅक टेनरेक हा मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक मोटारी दुरुस्त करून चालवतो. त्याच्या जोडीला हन्ना डंडी. आणि जॅकचा दोस्त, हाताखालचा हुशार इंजिनिअर, तो मुस्तफा कैरो. कथेत त्याचं स्थान दोस्ताचंच. शुल्ट्झनं डायनोसॉर आणि मोटारी अशा काही जीव ओतून काढल्यात की त्या पानांवरून नजर हलत नाही. पण आपल्याकडं ज्यांनी मुस्तफाला डोक्यावर घेतलं त्यांतल्या फार थोड्यांनी ती चित्रकथा बघितली असेल. १९९३ मध्ये या कथेवर अमेरिकेत टीव्हीसाठी कार्टून मालिका निघाली, कॅपकॉमचा खेळही त्याच वर्षीचा. खेळात निवडीला चार जण होते: जॅक, हन्ना, मुस्तफा आणि मेस ओब्रॅडोविच नावाचा धिप्पाड गडी. जॅक सगळ्यात मध्यम, मेस ताकदीचा, मुस्तफा चपळ.

आता यंत्राकडं येऊ, कारण नावाचं निम्मं गुपित यंत्रात आहे. पार्लरमधली पेटी आणि तिच्या आतला खेळ या दोन वेगळ्या वस्तू. खेळ असतो तो बोर्डावर. १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानमधल्या यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनेनं छप्पन पिनांचा एक जोड ठरवून दिला. त्यामुळं कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही पेटीत बसायला लागला. जुना बोर्ड काढायचा, नवा खोचायचा, पडदा तोच, बटणं तीच. आपल्याकडच्या प्लायवूडच्या पेट्या तर स्थानिक सुतारांनीच ठोकलेल्या. त्यांच्या कपाळावर खेळाचं नाव असलंच तर आधीच्या कुठल्या तरी खेळाचं. म्हणजे नाव कळायचं ते फक्त पडद्यावरून, तेही सुरुवातीला क्षणभर, इंग्रजीत, लांबलचक. कॅडिलॅक ही मोटार आहे हे सोलापुरातल्या दहा वर्षांच्या पोराला कुठून ठाऊक असणार?

कॉइन टाकल्यावर मात्र चार चेहरे समोर यायचे आणि त्यांच्याखाली चार नावं. ओब्रॅडोविच वाचता वाचता वेळ संपायची. हन्ना, जॅक ही सिनेमातली, परकी नावं. मुस्तफा मात्र वर्गाच्या हजेरीपटावर होता. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रिक्षात ऐकू येणारं गाव. इथं मुस्तफा हे शेजारच्या गल्लीतलं नाव. शिवाय पिवळी टोपी घातलेला तो गडी सावळा होता, आपल्यासारखा. पडद्यावरच्या गोऱ्या नायकांत हा एक ओळखीचा निघाला. माझ्या मते नावाचं खरं कारण हेच. ज्याचं नाव पहिल्या दमात वाचता आलं आणि ज्याचा चेहरा आपला वाटला, खेळ त्याच्या नावावर झाला.

त्यात तो खेळायलाही सरस होता. दांडी एकाच दिशेला दोनदा झटकन ढकलायची, गडी पळत सुटायचा, आणि पळता पळता बटण दाबलं की हवेत लांब लाथ. समोरचे दोघं-तिघं एकदम आडवे. दोन्ही बटणं एकत्र दाबली की चहूबाजूंनी मार बसायचा, पण त्याची किंमत आपल्याच पॉवरच्या पट्टीतून कापली जायची. ही अक्कल प्रत्येकाला पदरचे कॉइन घालवूनच आली. गर्दीत अडकलेला पोरगा घाबरून दोन्ही बटणं बडवत राहायचा आणि मागं उभी असलेली टोळी ओरडायची, "अरे दोन्ही नको दाबू बे, मरतोस की!" ड्रम फोडले की खायला मिळायचं. ते कुणी उचलायचं यावरून पडद्याबाहेर खरी मारामारी जुंपायची. आणि सगळ्यात पहिला वाद ठरलेला: मुस्तफा कोण घेणार. "काय बे, मागच्या वेळी पण तूच घेतलास, आता तू जॅक घे." मिटवायला शेवटी पार्लरच्या गल्ल्यावरच्या मामांनाच उठून यावं लागायचं.

पार्लरमधली खरी रंगत खेळाइतकीच मागं उभं राहून चालणाऱ्या चर्चेत होती. खिशात एक रुपया आणि वेळ दोन तास, तेव्हा एक पोरगं खेळायचं आणि बाकीचे पंडित व्हायचे. तिथं एक मोठा वाद रंगायचा: नाव गाण्यावरून आलं की खेळावरून? १९९६ मध्ये 'कादल देशम' हा तमिळ सिनेमा आला. ए. आर. रहमानच्या त्यातल्या 'मुस्तफा मुस्तफा' या गाण्यानं दक्षिणेला वेड लावलं. तेलुगूत तो 'प्रेम देशम' म्हणून आला, आणि विणकरांच्या घराघरांत तेलुगू बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात तो न पोचता तरच नवल. त्या गाण्यामुळं खेळाला मुस्तफा म्हणायला लागले, असं छातीठोक सांगणारे आजही भेटतात. सनावळी त्यांच्या बाजूची नाही. खेळ गाण्याच्या तीन वर्षं आधीचा, आणि नाव पडद्यावरच लिहिलेलं. पण गाण्यानं ते नाव जिभेवर आणखी पक्कं बसवलं असेल, एवढं मी आनंदानं मान्य करीन.

दुसरा वाद अधिकृत नाव कोणतं याचा. त्यावर माझं मत ठाम आहे: कंपनीनं दिलेलं ते खरं आणि पोरांनी दिलेलं ते चुकीचं, असं म्हणता येत नाही. कंपन्यांची नावं तरी कुठं शास्त्र बघून पडली? निन्तेन्दोच्या 'डाँकी काँग'मधल्या १९८१ च्या त्या मिशीवाल्या सुताराला आधी नुसतं 'जंपमॅन' म्हणत. पुढं तो मारिओ झाला, तो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून. व्हिडिओ गेमच्या जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पात्रांपैकी एक, एका घरमालकाचं नाव लावून फिरतंय.

त्याहून मासलेवाईक गोष्ट कॅपकॉमच्याच 'स्ट्रीट फायटर टू'ची, १९९१ ची. त्यातल्या मुष्टियोद्ध्याचं जपानी नाव होतं एम. बायसन. चेहरा आणि नाव, दोन्ही थेट माईक टायसनची आठवण करून देणारी. अमेरिकेत टायसन कोर्टात खेचेल या भीतीनं परदेशी आवृत्तीत तीन खलनायकांची नावं एकमेकांत फिरवली. मुष्टियोद्धा बॅलरॉग झाला, पंजेवाला वेगा झाला आणि सगळ्यांचा सरदार बायसन झाला. आता जपानी खेळाडू आणि अमेरिकन खेळाडू एकत्र बसले की कुणाला वेगा म्हणायचं हा घोळ. त्यावर जगभरच्या खेळाडूंनी तोडगा काढला तो असा: बॉक्सर, पंजा आणि हुकूमशहा. कागदावरचं नाव बाजूला, दिसतो तसा म्हणा. आपली पोरं वेगळं काय करत होती?

घरच्या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवरही हीच रीत होती. 'बॅटल सिटी' म्हणजे टँकचा गेम, 'डक हंट' म्हणजे बदकाचा. मुस्तफाच्याच खेळात दुसऱ्या स्टेजला दोन्ही हातांत कोयते घेऊन धावून येणाऱ्या बॉसला आम्ही कसाई म्हणायचो. कितीतरी वर्षांनी त्याचं मूळ नाव वाचलं तर ते 'बुचर'! सातासमुद्रापलीकडच्या लेखकानं आणि नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या पोरांनी त्या माणसाला बघून एकच नाव ठेवलं होतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कॅपकॉमनं हा खेळ त्या काळात घरच्या यंत्रावर आणलाच नाही. ज्याला खेळायचाय त्यानं पार्लरमध्ये यावं, मागं उभं राहावं, इतरांचं ऐकावं. घरी डबा आणि त्यावर छापलेलं नाव आलं असतं, तर कदाचित कॅडिलॅक हा शब्दही रुळला असता. तसं झालं नाही, म्हणून नाव तोंडातोंडीच वाढलं. पुढं सायबर कॅफे आले, मग मोबाईल. जुन्या बोर्डांची नक्कल करणारे इम्युलेटर आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ फोनवर आला. तिथंही लोक तो मुस्तफा म्हणूनच शोधतात. मूळ पडद्यावर हे नाव पी-एच लावून लिहिलेलं आहे. आपण एफ लावून टाइप करतो, आणि खेळ बरोबर सापडतो.