अँबॅसेडर आणि पद्मिनी

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली, तेव्हां पुष्कळांस हळहळ वाटली. कलकत्त्याजवळील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत अँबॅसेडर तयार होणें २०१४ सालीं थांबलें, तेव्हांही असाच शोक झाला होता. या दोघींत श्रेष्ठ कोणती, हा वाद कित्येक घरांतून वर्षानुवर्षें चालला. त्याचा निवाडा केवळ वेगावरून करणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

दोघींचेंही माहेर परदेशांत. अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ति. १९५७-५८ च्या सुमारास बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सनें ती येथें काढली. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. चितोडच्या राणीचें नांव तिला १९७४ च्या सुमारास मिळालें.

अँबॅसेडरचें एंजिन १४८९ घनसेंटिमीटरचें, पद्मिनीचें १०८९ चें. आंकडे पाहून पहिलीच चपळ असावी असें वाटेल. अनुभव उलट होता. पद्मिनी अंगानें हलकी, म्हणून अरुंद गल्लींतून चटकन वळे आणि पेट्रोलही बेतानें पीत असे. अँबॅसेडर सावकाश उठे, वळणावर झुके, स्टिअरिंग फिरवितांना मनगटाची परीक्षा पाही. परंतु गाडीरस्ता संपून बैलगाडीची वाट सुरू झाली, कीं तिची थोरवी कळे. मागें तीन धष्टपुष्ट माणसें, त्यांच्या मांडीवर मुलें, डिकींत लग्नाचें सामान, टपावर वळकट्या, इतकें लादूनही ती खड्ड्यांतून पोट न घासतां जाई. मुंबईनें पद्मिनी पत्करली आणि दिल्ली-कलकत्त्यानें अँबॅसेडर, यांत कारखान्यांच्या सान्निध्याचाही वांटा असेल. पण रस्त्यांनीं केलेली निवड आम्हांस चुकीची दिसत नाहीं.

दुरुस्तीच्या बाबतींत मात्र दोघी सारख्याच गुणी. घाटांत रेडिएटर तापला, तर गाडी निवूं द्यावी, पाणी घालावें आणि पुढें निघावें. तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही त्यांचें एंजिन खोलून परत बसवी. या सोयीची आम्ही सारेच तारीफ करीत आलों. पण तिचें कारण काय? नमुना दशकानुदशकें फारसा बदललाच नाहीं! परवान्यांच्या राज्यांत कारखानदारास स्पर्धेचें भय नव्हतें, आणि गिऱ्हाइकास निवड नव्हती. पैसे भरून नांव नोंदवावें आणि वर्षें मोजावींत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलीच्या बारशाच्या सुमारास नांव घातलें. गाडी दारीं आली तेव्हां मुलगी शाळेंत जाऊं लागली होती. त्या गाडीस कोणीं नांवें ठेवलेलीं त्या घरांत खपत नसत.

खरी कसोटी डिसेंबर १९८३ मध्यें लागली. अवघ्या ७९६ घनसेंटिमीटरची मारुती ८०० आली. ती हलकी होती, सुटण्यास तत्पर होती आणि तिचा खर्चही कमी. पुढें अँबॅसेडरला इसुझूचें अधिक शक्तीचें एंजिन बसविलें, पण तोंपर्यंत मध्यमवर्ग दूर गेला होता. टॅक्सीवाले आणि सरकारी कचेऱ्या यांनींच या दोघींस सांभाळलें. मारुतीसाठीं पुन्हां रांग लागली, आणि तींत आमचे ते परिचित गृहस्थही उभे होते.